चारच्या चहाला सर्जेराव

शहागडात पान हललं तर ते कोणत्या झाडाचं, कोणी हलवलं आणि हलवायचं कारण काय, हे आपण जालन्यात बसून सांगू! अशी गॅरंटी सर्जेराव गव्हाणे यांनी गल्लीतल्या एकूण एक माणसाला देऊन ठेवली होती. मागितली कोणीच नव्हती, हा भाग वेगळा.

झालं होतं असं की सर्जेरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. आधी एक डोळा, मग आराम, मग दुसरा डोळा, मग पुन्हा आराम, असं करत चांगला महिना-दीड महिना मुलाकडे, जालन्याला मस्तगडात काढायचा होता. घराला कुलूप लागणार होतं. आजवर कुलूप लागलं की चावी समोरच्या गुलाम नबीकडे जायची. गुलाम नबी गाद्या भरायचा. सर्जेराव आणि तो शाळेत एका बाकावर बसलेले, एकाच गणितात नापास झालेले. पण या खेपेला त्यानं सवयीनं हात पुढं केला तर सर्जेरावांनी ओट्यावरच्या छपराकडे बोट दाखवलं. तिथं पांढरा, लिंबाएवढा कॅमेरा बसवून झाला होता.

"तुला काहून तरास, नबी? आता हाच बघंल सगळं."

"हा बघंल," गुलाम नबी म्हणाला, "पण पाऊस आल्यावर खिडकी लावंल का?"

सर्जेराव नुसतेच हसले. गुलाम नबीनं रिकामा हात बनियनला पुसला आणि तो परत गादी भरायला गेला. त्याला वाईट वाटलं होतं. सर्जेरावांच्या बायकोला, उषाबाईंना, ते दिसलं. सर्जेरावांना दिसलं नाही, पण त्यांना मोतीबिंदू होता.

सर्जेराव उभी हयात पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक. कोण कालव्याचं दार उचकटून चोरून पाणी घेतो, हे बघायचं त्यांचं काम. नोकरी संपली, पण नजर काही रिटायर झाली नाही. आणि आता तर नजरेला कारणही होतं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तंटामुक्ती समितीचा नवा अध्यक्ष निवडायचा होता आणि ते पद सर्जेरावांना हवं होतं. हवं म्हणजे किती? ग्रामपंचायतीसमोरून जाताना ते आतल्या खुर्चीकडे असं बघत, जसं उपाशी माणूस हॉटेलातल्या कढईकडे बघतो. नाव जवळपास ठरलं होतं. सूचक म्हणून उभं राहायला गुलाम नबी तयार होता. गावाचं म्हणणं एकच होतं: अध्यक्ष असा पाहिजे, जो इकडचं तिकडं करत नाही.

कॅमेरा बसवला अंबडच्या हरिओमनं. कॅमेऱ्याचं दुकान चालवणारा, लग्नाच्या वयाचा, शांत स्वभावाचा माणूस. त्यानं सर्जेरावांचा मोबाईल हातात घेऊन नीट समजावलं, "काका, हा कर्णा दाबला की तिकडचं तुम्हाला ऐकू येतं. हा माईक दाबला की तुमचं बोलणं तिकडं जातं. न दाबता नुसतं बघायचं असंल तर..."

"कळलं, कळलं," सर्जेराव म्हणाले. "कालवा सांभाळलाय म्या. हे काय त्याच्यापुढं."

तर मंडळी, सर्जेरावांनी जालन्याला पोहोचून पहिल्याच दिवशी जे दाबलं तो माईक होता. तिकडचा आवाज काही येईना, तेव्हा 'कॅमेरा मुका निघाला' असं म्हणून त्यांनी हरिओमला दोन शिव्या घातल्या आणि माईक तसाच ठेवला. रोज फोन उघडला की तोच दाबायचा, ही सवयच पडली. कॅमेऱ्याच्या पोटातला कर्णा मात्र खणखणीत होता. त्या दोन शिव्या शहागडच्या गल्लीला स्वच्छ ऐकू गेल्या. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. सर्जेरावांना सांगू नका, त्यांना अजून वेळ आहे.

डॉक्टरांनी मोबाईल बघायला सक्त मनाई केली होती. मुलगा कल्याण पहारा ठेवायचा, पण दुपारी तो आणि सूनबाई दोघंही कामावर. चार वाजता झोप झाली की सर्जेराव काळा चष्मा कपाळावर चढवायचे, त्यातल्या त्यात बरा डोळा मोबाईलला लावायचे आणि गल्लीत हजर व्हायचे. शेजारी उषाबाई भाजी निवडत बसलेल्या.

पहिल्याच दिवशी दिसली गुलाम नबीची शेळी. ओट्यावर चढून तुळशीकडे निघालेली.

"हाड!" सर्जेराव ओरडले. "हाड, हाड! काय माजलीय बघ."

शेळीनं कान टवकारले. बंद दाराकडे पाहिलं. मग तुळशीला तोंड लावलं.

"अवं, इथून वरडून काय व्हतंय," उषाबाई म्हणाल्या, आणि सवयीनं मेथीची जुडी सोडता सोडता पुटपुटल्या, "हाड गं बाई, तुळस हाय ती."

शेळी मुकाट्यानं ओट्यावरून उतरली.

"पाह्यलं?" सर्जेरावांची छाती फुगली. "नुसती नजर पडली न उतरली. जनावरालासुद्धा धाक हाय माझा."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर नंदाबाई आल्या. गुलाम नबीच्या शेजारचं घर नंदाबाई आणि भुजंग यांचं. नंदाबाई कॅमेऱ्याच्या अगदी खाली उभ्या राहिल्या, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि वर बघून तोंड मोठं उघडलं. पुन्हा पुन्हा उघडलं. बिचारी ओरडून सांगत होती, 'भाऊजी, तुमचं सगळं ऐकू येतंय इकडं!' मुक्या चित्रात दिसला तो फक्त उघडा जबडा.

"अगं ये, बघ बघ," सर्जेराव खुदकन हसले. "नंदाबाई कॅमेऱ्याचा आरसा करून राह्यली. दात बघती. त्यात बघायला उरलंय काय? पुढचे दोन तर काजळ लावल्यावानी काळे, मिशरी घासून घासून."

पडद्यावर नंदाबाईंचं तोंड खटकन मिटलं.

"असं बोलू न्हाई कुणाच्या दाताला," उषाबाई म्हणाल्या. "माझ्या बाळंतपणात रातभर बसली होती ती. हसली की लई चांगली दिसती."

नंदाबाईंनी हात खाली घेतले. मग पदर खोचून आत गेल्या आणि त्यांनी गल्लीत फर्मान काढलं की यापुढं सर्जेरावांना कोणी काही सांगायचं नाही. बोलू द्या त्यांना काय बोलायचं ते. हे फर्मान सर्जेरावांना पुष्कळ उशिरा कळलं.

मग भुजंगची पाळी आली. भुजंगला साखरेचा आजार. नंदाबाई घरात गुळाचा खडा ठेवत नसत. भुजंगनं त्यावर तोड काढली होती. हायवेवरच्या हॉटेलातून कागदात बांधून गरम जिलेबी आणायची आणि सर्जेरावांच्या ओट्याच्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून खायची. सर्जेरावांनी ते पाहिलं मात्र, ते पलंगावर ताठ उठून बसले.

"भुजंग जिलेबी हाणून राह्यलाय! भिताडाकडं तोंड करून! अगं, त्याची साखर किती, न तो खातो किती!"

भुजंगनं दचकून आधी आभाळाकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. तोवर नंदाबाई दारातून निघाल्याच होत्या. कागद हिसकला गेला. भुजंग मान खाली घालून पुढं, नंदाबाई मागं, अशी वरात घरात गेली.

"वासावरून ओळखलं बाईनं," सर्जेराव म्हणाले. "हुशार हाय."

"तुम्ही काहून बघता त्याच्या खाण्याकडं?" उषाबाई मेथी बाजूला ठेवून म्हणाल्या. "माणूस लपून खातो, म्हंजी त्याला लाज वाटती. ज्याला लाज वाटती तो आज ना उद्या सुधरतो. चारचौघांत काढलं की मंग लाज जाती न खाणं तेवढं राहतं. न एक सांगा, लोकांच्या दारात माणसानं उभं तरी किती वेळ राहावं? पाव्हणा म्हणून गेलो तरी चहा पिऊन उठतोच की आपण."

"म्या दारात कुठं? म्या तर मस्तगडात."

"नजर तर दारातच हाय की."

यावर सर्जेराव मोबाईल घेऊन दुसऱ्या कुशीवर वळले. तेवढ्यात पडद्यात गुलाम नबी दिसला. कानाला फोन लावून ओट्यासमोर उभा. त्याच वेळी सर्जेरावांचा फोन वाजायला लागला आणि चित्र नाहीसं झालं. नाव आलं, 'नबी'.

"ह्यालाबी आत्ताच फोन करायचा हाय," सर्जेराव कुरकुरले. "नबी काय करून राह्यलाय तेच तर बघत होतो." आणि त्यांनी फोन कापला. चित्र परत आलं. गुलाम नबी हातातल्या फोनकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या खेपेला गुलाम नबीनं फोन केला नाही.

यानंतर एक नवल घडलं. चारच्या सुमाराला सर्जेरावांच्या ओट्यासमोर माणसं जमायला लागली. आधी दोघंतिघं, मग दहाबारा, मग कोणी सतरंजी आणली, कोणी चहाची किटली. सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडं! सर्जेरावांना गहिवरून आलं.

"उषा, बघ गं बघ. माझ्या मागारी माझ्या घरासमोर बैठक. तंटामुक्तीचीच चर्चा व्हणार. लोक कसे खुशीत हायेत."

लोक खुशीतच होते. त्या दिवशी उषाबाईंनी सर्जेरावांच्या डोळ्यात थेंब टाकले, आणि माजी कालवा निरीक्षक "आई गं, मेलो गं, एकच टाक, दुसरा नको" म्हणत पलंगभर लोळले. गल्ली पोट धरून हसली. सर्जेरावांनी एक डोळा पुसत पडद्यात पाहिलं आणि म्हणाले, "काय हसून राह्यलेत! वातावरण लई चांगलं हाय. निवडून आल्यातच जमा."

मग ते उत्साहानं एकेकाचा हिशेब मांडू लागले. सरपंच चांगला आहे, पण बायकोला विचारल्याशिवाय सही करत नाही. किराणावाला राधेश्याम कोणाकडे लग्नाला गेला की आहेर देतो पन्नासचा आणि जेवतो पाचशेचा. त्यातला प्रत्येक जण समोर सतरंजीवर बसून हे ऐकत होता. ज्याचं नाव निघायचं तो गप्प व्हायचा, बाकीचे त्याला टाळी द्यायचे. दुसऱ्या दिवशी टाळी देणाऱ्याचं नाव निघायचं. आणि प्रत्येक नावानंतर उषाबाईंचा आवाज यायचाच. सरपंच बायकोला विचारतो हे चांगलंच आहे, तुम्हीही विचारत जा. राधेश्यामनं आपल्या घरी आजारपणात किराणा बिनबोभाट पोचवला होता, ते बरं विसरलात. एकाही माणसाला ती बाई वाईट म्हणाली नाही, आणि कोणी ऐकत असेल हे तर तिच्या गावीही नव्हतं.

इथवर गंमत होती. पण एके दिवशी सर्जेरावांना जाग लवकर आली आणि मोबाईल तीनलाच उघडला गेला. ओट्यावर बैठक नव्हती. नुसता गुलाम नबी होता, आणि समोर त्याची शेळी. गुलाम नबी ताठ उभा होता. हात वर करत होता, छातीवर ठेवत होता, मान झुकवत होता, थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. शेळी रवंथ करत ऐकत होती.

"भाषण!" सर्जेराव ओरडले. "उषा, हा भाषण पाठ करून राह्यलाय!"

"करू द्या की."

"करू द्या काय? काहून पाठ करतोय? अगं, ह्यालाच अध्यक्ष व्हायचंय! मला जालन्याला धाडलं न मागं हा खुर्चीवर टपला. म्हणून फोन करत होता, म्या कधी येतो ते काढायला. बरं झालं चावी दिली न्हाई. गादी भरणारा माणूस, ह्याला आता बसायला खुर्ची पाहिजे!"

पडद्यावर गुलाम नबीचा वर केलेला हात तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला. त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेळीची दोरी हातात घेतली आणि तो घरात गेला, आणि दार लावून घेतलं. भर दुपारी गुलाम नबीचं दार बंद झालेलं सर्जेरावांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

उषाबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुमच्या आईला दवाखान्यात न्यायला भर पावसात बैलगाडी कुणी जुंपली होती?"

"नबीनं," सर्जेराव बारीक आवाजात म्हणाले.

"मंग त्याच्यावर आळ घ्यायच्या आधी एकदा त्याला विचारलं तरी असतं. बघायला डोळा लागतो, पण समजायला त्या माणसापाशी जाऊन बसावं लागतं. ठेवा तो मोबाईल."

सर्जेरावांनी मोबाईल ठेवला. उशीखाली, पण ठेवला.

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी दोन्ही डोळे लख्ख करून सर्जेराव शहागडात उतरले. एसटीतून उतरल्यापासून गाव जरा जास्तच प्रेमात आलेलं दिसलं. सरपंच हात जोडून म्हणाले, "या या. बायकोला विचारूनच तुम्हाला भेटायला आलो." राधेश्यामनं दुकानातून हाक मारली, "पन्नासचा आहेर घेऊन येऊ का संध्याकाळी?" भुजंगनं खिशातून जिलेबीचा तुकडा काढला, सगळ्यांसमोर तोंडात टाकला आणि विचारलं, "थेंब टाकताना आता रडत न्हाई ना सर्जेराव?"

सर्जेरावांनी भुजंगकडे वळून पाहिलं. या माणसांना हे कळलं कसं? ते घाईघाईनं गल्लीत आले. गुलाम नबीचं दार बंद होतं. ओट्याच्या पायरीवर हरिओम बसलेला. कॅमेऱ्यात बिघाड आहे, बघून जा, असं सर्जेरावांनीच त्याला फोनवर बजावलं होतं.

"काय मुका कॅमेरा दिला रे बाबा," सर्जेराव म्हणाले. "काही ऐकूच येत न्हाई."

हरिओमनं मोबाईल हातात घेतला. सर्जेरावांना रोजच्यासारखं करून दाखवायला सांगितलं. त्यांनी करून दाखवलं आणि म्हणाले, "हे बघ, दाबला." त्याच क्षणी छपरातून त्यांच्याच आवाजात, गल्लीभर घुमत आलं, 'हे बघ, दाबला.'

सर्जेराव ओट्यावर बसले. एकेक वाक्य त्यांच्या डोक्यातून उलटं जाऊ लागलं. खुर्ची. आहेर. जिलेबी. दात. थेंब. पुन्हा खुर्ची. आणि खुर्चीपाशी येऊन ते थांबलं.

ते उठले आणि समोरच्या दारावर थाप मारली. दार उघडलं गुलाम नबीच्या बायकोनं, आमिनानं.

"वहिनी, नबी..."

"अंबडला गेलाय, रुई आणायला. रात होईल त्याला," ती म्हणाली. मग दाराला टेकून म्हणाली, "भाऊजी, तुमचंच नाव होतं त्या भाषणात. माणसांसमोर बोलायची जबान न्हाई त्याला, म्हणून बकरीसमोर बोलत होता. बकरीला पाठ झालं, त्याला अजून झालं न्हाई."

सर्जेरावांना वाटलं, कॅमेरा काढून आपल्याच डोक्यात घालावा. रडू आलं, आणि नवीन डोळ्यांतून ते फार स्वच्छ आलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. उषाबाईंनी आग्रह केला नाही.

झेंडावंदन झालं. शाळेची पोरं जिलेबी घेऊन पांगली. ग्रामसभा सुरू झाली, आणि सरपंचांनी तंटामुक्तीचा विषय काढताच गुलाम नबी उठला. अंगात पांढरा स्वच्छ सदरा होता. सर्जेराव खाली मान घालून शेवटच्या रांगेत बसले होते.

"मी एक भाषण पाठ केल्तं," गुलाम नबी म्हणाला. "बिलकुल तेच बोलणार हाय. फक्त नावाची जागा बदलली, न थोडं वाढवलं." त्यानं हात छातीवर ठेवला, अगदी तसाच, शेळीसमोर ठेवला होता तसा. "तंटामुक्तीला माणूस असा पाहिजे, जो इकडचं तिकडं करत न्हाई. जो तोंडावर एक न मागारी एक बोलत न्हाई. कोण मागारी काय बोलतं हे आपल्याला कधी कळत न्हाई. पण या खेपेला, मेहरबानी सर्जेरावची, सगळ्या गल्लीला महिनाभर रोज ऐकू आलं. गल्लीतल्या एकूण एक माणसाचं नाव निघालं, न एका माणसानं दर खेपेला आपली बाजू घेतली. कुणी ऐकत हाय हे ठाऊक नसताना घेतली. मी नाव सुचवतो."

सर्जेरावांनी मान वर केली.

"उषाबाई सर्जेराव गव्हाणे."

सर्वांत आधी नंदाबाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दात दाखवून हसल्या. खरंच चांगल्या दिसत होत्या. मग भुजंगनं वाजवल्या, मग सगळ्या सभेनं. ठराव मोठ्यानं वाचला गेला, हात वर झाले, बिनविरोध. आता सर्जेरावांचं नाव ठरावात आलं नाही असं कोणी म्हणू शकत नाही. आलं. मधे आलं.

उषाबाई उठल्या. पदर डोक्यावरून घेतला. "मला भाषण येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण एक बोलते. यांनी चोरून पाह्यलं, ते वाईटच. पण तुम्हीबी सतरंज्या टाकून चोरून ऐकलं. माझ्या घरातलं ऐकलं, मला न विचारता. त्येबी तितकंच वाईट." सरपंचांनी आधी बायकोकडे पाहिलं. "तर पहिल्यांदा तो डबा उतरवा. न पहिला तंटा माझ्याच दारातला हाय, तो आत्ता मिटवा. चावी काढा."

सर्जेरावांनी खिशातून घराची चावी काढली, सगळ्या गावासमोरून चालत गेले आणि गुलाम नबीसमोर धरली. 'चुकलो' म्हणायचं राहूनच गेलं.

"पाऊस आल्यावर खिडकी लावीन," गुलाम नबी म्हणाला, आणि चावी घेतली.

संध्याकाळी कॅमेरा उतरला. छपराला दोन भोकं तेवढी राहिली. अध्यक्षांच्या सत्काराचा झेंडूचा हार ओट्यावरच्या खुंटीला लटकत होता. सर्जेराव आणि गुलाम नबी चहा पीत बसले होते, आणि गुलाम नबीची शेळी नेहमीप्रमाणे वर चढून हाराशी पोचली.

"हाड," सर्जेराव म्हणाले.

शेळीनं त्यांच्याकडे पाहिलं. एक फूल तोडलं आणि चघळत उभी राहिली. सर्जेरावांनी आवाज चढवला. शेळीनं दुसरं फूल तोडलं.

"हाड गं बाई," आतून उषाबाईंचा आवाज आला, स्वयंपाकघरातून, भाकरी थापता थापता.

शेळी मुकाट्यानं उतरली.

गुलाम नबीला चहाचा ठसका लागला. सर्जेरावांच्या तोंडाशी एक जळजळीत वाक्य आलं होतं, शेळीबद्दल आणि तिच्या मालकाबद्दलही. त्यांनी आधी वर पाहिलं. कॅमेरा नव्हता. मग आत पाहिलं. आत अध्यक्ष होत्या. सर्जेराव पुढं सरसावले आणि गुलाम नबीची पाठ चोळू लागले.